न दिलेला सूर

गेल्या दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, आमच्या महिला मंडळानं सामायिकाच्या वेळी संगीत लावलं. एरवी सामायिकाला बसलं की पाच-सात मिनिटं शांततेत जातात. मग कुणाची बांगडी वाजते, कुणाचा पाय आखडतो, कुणाला गॅस बंद केला की नाही ते आठवतं. अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे दोन घटका. ऐकायला थोड्या वाटतात, बसायला घेतल्या की कळतं. म्हणून यंदा मागे काहीतरी मंद, शब्द नसलेलं संगीत ठेवू या, असं ठरलं. ते संगीत माझ्या भाच्यानं केलेलं होतं आणि मंडळात आणलं मी. तेव्हा जे काही पुढे लिहिते आहे त्यात पहिलं बोट माझ्याकडेच आहे.

भाचा हैदराबादला कॉम्प्युटरवर काम करतो आणि रात्री जागून संगीत करतो. या प्रकाराला अँबियंट म्हणतात, असं त्यानं मला सांगितलं. यात मुखडा नाही, अंतरा नाही, ताल असला तर असला. खोलीत उदबत्तीचा वास असावा तसा हा सूर खोलीत असतो. ब्रायन ईनो नावाच्या इंग्रज संगीतकारानं 1978 मध्ये विमानतळावर वाजवण्यासाठी म्हणून असं संगीत केलं आणि तेव्हापासून हे नाव रूढ झालं. लक्ष देऊन ऐका किंवा देऊ नका, दोन्ही चालावं, अशी त्याची कल्पना. भाच्याच्या त्या तुकड्यात सुरुवातीला धबधब्याचं पाणी होतं, मग पाखरं, खाली सिंथेसायझरचा एक लांबच लांब, जाड सूर, न छेडता वाजत राहणाऱ्या तंबोऱ्यासारखा. आणि मधूनच, लांबून आल्यासारखं, एक तंतुवाद्य. रडवेलं, थोडं खरखरीत. त्यानं नाव दिलं होतं 'कुंतालाची पहाट'.

त्या दिवशी मंडळात चौतीस जणी होत्या. बांगडी वाजली नाही. डोळे उघडले तेव्हा दोघी-तिघींच्या गालावर पाणी होतं. एक जण, जिचे यजमान वर्षभरापूर्वी गेले, ती मला म्हणाली, "ताई, आज पहिल्यांदा मी त्यांच्याशी भांडले नाही, नुसती बसले." एवढं झाल्यावर आणखी काय पाहिजे? मी घरी येऊन भाच्याला फोन केला आणि भरभरून कौतुक केलं.

प्रश्न दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले, आणि पहिला प्रश्न भलताच निघाला. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी समाधान व्यक्त केलं की, बरं झालं, यात चामडं नाही. मंदिरात आपण चामड्याचा पट्टा, पाकीट नेत नाही, मग ढोलकी कशी चालते, हा त्यांचा जुना आक्षेप. कितीतरी ठिकाणी आता ढोलकीला प्लास्टिकचं पान बसवतात, ते यामुळेच. सिंथेसायझर म्हणजे तर नुसती वीज. ना कातडं, ना तात. त्या म्हणाल्या, "हेच खरं अहिंसक वाद्य."

मला ते पटलं होतं. नंतर विचार करताना ते तितकं सरळ राहिलं नाही. वीज येते कुठून? आपल्याच जुन्या जिल्ह्यात, मंचेरियलकडे, सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी आहेत. जमीन खणून, जंगल सरकवून कोळसा निघतो आणि तो जाळून वीज होते. हिंसा गेली नाही, डोळ्यांआड गेली. ढोलकीतली हिंसा निदान हाताला लागते. म्हणून ढोलकी चालते असं मी म्हणत नाही. वाद्य अहिंसक आहे की नाही ते ठरवताना फक्त त्याच्या कातड्याकडे बघू नये, एवढंच म्हणते.

याच विचारात मला गीता साराभाई आठवल्या. आपल्या बायकांना हे नाव फारसं माहीत नाही, विक्रम साराभाईंचं माहीत असतं. गीताबेन त्यांच्या भगिनी, अहमदाबादच्या जैन घराण्यातल्या. त्या काळी पखवाज हे पुरुषांचं वाद्य, आणि चामड्याचं. पखवाज वाजवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. 1946 मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला काही महिने भारतीय संगीत शिकवलं, बदल्यात त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. केजनं त्यांना विचारलं होतं, तुमच्याकडे संगीताचं प्रयोजन काय मानतात? गीताबेननी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन शांत आणि निर्मळ करणं, म्हणजे त्यात दिव्य काही उतरायला जागा होते. हे उत्तर केज आयुष्यभर विसरला नाही. आणि पुढे 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत मूग सिंथेसायझर आला, रॉबर्ट मूग यांनी बनवलेलं ते तारांनी आणि बटणांनी भरलेलं कपाटासारखं यंत्र, तेव्हा त्यावर काम करणाऱ्या मोजक्या लोकांत याच गीताबेन होत्या. त्या वेळच्या ध्वनिफिती अनेक वर्षं संस्थेत पडून होत्या, अलीकडे 2023 मध्ये त्या जगासमोर आल्या.

म्हणजे ज्या बाईनं चामड्याचा पखवाज वाजवला, तिनंच विजेचं यंत्रही हाताळलं. मला वाटतं, तिला दोन्हीकडे एकच प्रश्न पडत असणार: यानं मन शांत होतं का? मी त्यात माझ्यापुरता एक प्रश्न जोडते. ही शांती आपण आणली कुठून?

तर आता ते खरखरीत तंतुवाद्य. ते होतं किकरी.

आदिलाबादकडच्या बायकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे राजगोंडांचे परंपरेनं गाणारे-वाजवणारे लोक म्हणजे परधान. प्रत्येक परधान घराण्याची गोंड यजमानांची घरं ठरलेली. गोंडांत चार भाऊ, पाच भाऊ, सहा भाऊ, सात भाऊ असे सगा आहेत, आणि प्रत्येक सगाची उत्पत्तीची, देवांची, पूर्वजांची मोठी कथा परधानांना तोंडपाठ असते. ती गाताना हातात किकरी: लाकडाचं, कातडं मढवलेलं, तीन तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य. लिहून ठेवलेलं काही नाही. परधान म्हणजेच गोंडांची पोथी. आणि गंमत अशी की गोंडी कथा सांभाळणाऱ्या या आदिलाबादच्या परधानांची घरची बोली मात्र मराठी. आम्ही दुकानात त्यांच्याशी मराठीतच बोलतो. पिढ्यान् पिढ्या बोलतो. पण ते काय गातात, हे मी पन्नाशी ओलांडेपर्यंत एकदाही विचारलं नव्हतं.

पुष्य अमावस्येला इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम घराण्याचे लोक अनवाणी चालत गोदावरीचं पाणी आणतात, वडाच्या झाडांखाली मुक्काम करतात, मग अमावस्येच्या रात्री पूजा. घरात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घालून देतात. पांढऱ्या साड्या नेसलेल्या, डोक्यावरून पदर ओढलेल्या सुना रांगेनं येतात, ते बघताना माझं मन दरवर्षी हलतं. आपल्याला पार्श्वनाथांच्या डोक्यावरचा नागफणा परका नाही, त्यामुळे नागोबाही परका वाटत नाही. जानेवारीत भाचा आला होता, त्याला मीच घेऊन गेले. तिथं एका झाडाखाली एक म्हातारे परधान किकरी वाजवत गात होते. भाच्यानं मोबाईल आणि एक छोटा माईक पुढे धरला. वीसेक मिनिटं. निघताना मी शंभराची नोट ठेवली. त्यांनी मान हलवली. आम्ही आलो.

एवढाच व्यवहार. विचारलं काही नाही, लपवलंही काही नाही. आजूबाजूला शंभर मोबाईल तेच करत होते.

स्वाध्यायाला आम्ही त्या वेळी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचत होतो. चोरीची व्याख्या उमास्वामींनी फार थोडक्यात केली आहे: अदत्तादान, म्हणजे जे दिलेलं नाही ते घेणं. त्यात कुलूप तोडणं नाही, रात्र नाही, लबाडी नाही. दिलं नव्हतं आणि घेतलं, बस. मी शेकडो वेळा वाचलेलं सूत्र. त्या दिवशी पुढे सरकेना.

माझंच मन वकील झालं. पहिला मुद्दा: आपण शंभर रुपये दिले होते. पण ते कशाचे दिले? ऐकण्याचे. पाहुण्याला जेवायला वाढलं म्हणून त्यानं भांडंही घेऊन जावं, असं होत नाही. दुसरा मुद्दा: सूर घेतल्यानं त्यांच्याकडचं कमी काय झालं? किकरी त्यांच्याकडेच आहे, गाणंही आहे. हा मुद्दा जड होता, सहज खोडता येईना. तिसरा मुद्दा: मग धबधब्याचा आवाज, पाखरांचा आवाज, तो तरी कुणी दिला होता?

तिसऱ्याचं उत्तर टीकाकारांनी देऊन ठेवलं आहे. त्यांनाही शंका पडली होती की साधू गावाच्या वेशीतून, रस्त्यावरून जातो, ते कुणी त्याला दिलेलं नसतं, मग ती चोरी का नाही? त्यांचं उत्तर असं की, जिथं देणं आणि घेणं असा व्यवहार संभवतो तिथंच चोरीचा प्रश्न येतो. रस्ता सगळ्यांसाठी मोकळा आहे, आणि साधूच्या मनात प्रमाद नाही. कुंतालाचं पाणी कुणाला विचारून पडत नाही, ते ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. पण म्हाताऱ्या परधानाला देता आलं असतं. नाही म्हणता आलं असतं. म्हणजे व्यवहार संभवत होता, आम्ही तो होऊ दिला नाही. प्रमाद म्हणतात तो हाच.

इथे मला मोरपीस आठवतं. आपल्या मुनिमहाराजांच्या, माताजींच्या हातात मोरपिसांची पिच्छी असते. ती मोरानं आपण होऊन टाकलेल्या पिसांचीच हवी, ओढून काढलेलं पीस चालत नाही. जीवजंतू हलक्या हातानं बाजूला करायचं ते साधन, ते मिळवतानाच जीव दुखावला तर सगळं फुकट. आणि दिवाळीच्या दिवसांत, आपण निर्वाण लाडू चढवतो त्याच सुमारास, आमच्याकडे गोंडांची दंडारी चालते. त्यात गुस्साडी नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला मुकुट, अंगाला राख, हातात काठी. मर्लवाईचे कनक राजू हे या नाचाचे मोठे गुरू, त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते वारले. तोच मोर, तीच पिसं. एकीकडे शांत बसलेल्या साधूच्या हातात, दुसरीकडे देव अंगात घेऊन नाचणाऱ्याच्या डोक्यावर. मला त्यातलं एकच घ्यायचं आहे. पीस पडलेलं आहे की उपटलेलं आहे, एवढा फरक आपण पिसाच्या बाबतीत बघतो. सुराच्या बाबतीत का बघत नाही?

मी भाच्याला फोन केला. त्यानं आधी हसण्यावारी नेलं. "मामी, जगात सगळे असंच करतात." मग जरा थांबून म्हणाला, "आणखी एक सांगू? ते पाणी कुंतालाचं नाहीच." झालं होतं असं की धबधब्यावर सहलीची माणसं, पोरांची आरडाओरड, गाण्यांचे स्पीकर. रेकॉर्डिंग खराब निघालं. मग त्यानं सिंथेसायझरवर पाणी तयार केलं. त्यात एक नुसता खस्स असा आवाज असतो, त्यातले वरचे-खालचे सूर हळूहळू गाळत गेलं की हुबेहूब पाणी वाहतं. नाव मात्र कुंतालाचंच राहिलं.

अचौर्य व्रताचे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो. त्यातला एक प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून खपवणं. दुसरा, चोरून आणलेली वस्तू घेणं. माझे सासरे कापसाचा व्यापार करत. गाठीत ओला कापूस घालणाऱ्याला ते दारात उभं करत नसत. आणि इथं माझ्या हातून, उत्तम त्यागाच्या दिवशी, चौतीस जणींना नकली पाणी आणि न दिलेली किकरी एकत्र पाजली गेली होती. सिंथेसायझरनं पाणी केलं यात पाप नाही, चित्रकार पाणी काढतोच की. हे चित्र आहे असं सांगितलं नाही, तिथं चुकलं.

मंडळात हे सांगावं की नाही, यावर मी चार रात्री घालवल्या. जिला शांती मिळाली तिची शांती काढून घ्यायची का? शेवटी क्षमावाणीच्या दिवशी सांगितलं. दोघी-तिघी रागावल्या. एक म्हणाली, "एवढा बारीक विचार केला तर जगणंच कठीण." ती विधवा मैत्रीण मात्र गप्प राहिली. मग म्हणाली, "ज्यांच्यामुळे मी शांत झाले त्यांना ते ठाऊकच नाही, हे बरं नाही. तुम्ही जाऊन या."

गेले. उटनूरच्या पुढे त्यांचं गाव. भाच्यालाही बोलावून घेतलं होतं. बाबा अंगणात बसले होते, ओळखलं त्यांनी. "केसलापूरच्या बाई ना?" मी हात जोडले, झालं ते सांगितलं, क्षमा मागितली. त्यांनी आधी ऐकवा म्हटलं. मोबाईल कानाशी धरून ते पूर्ण ऐकत राहिले, डोळे मिटून. मला वाटलं आवडलं. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "किकरी माहीच हाय. पन नावं कुठं गेले?"

आम्हाला कळेना. मग उलगडलं. भाच्यानं त्यांचा आवाज काढून टाकला होता. गोंडी शब्द कुणाला समजणार नाहीत, ध्यानाला शब्द नकोत, म्हणून फक्त तारांचा सूर ठेवला होता. आणि त्या वीस मिनिटांत बाबा यजमानाच्या घराण्यातली, गेलेल्या माणसांची नावं गात होते.

"नावासाठी वाजवतो ना आमी," ते म्हणाले. "नाव नसलं तं वाजवाचं काहाले?"

माझ्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर असं अंगणात मिळालं. सूर घेतल्यानं त्यांच्याकडचं काय कमी झालं? त्यांच्याकडचं काही कमी झालं नव्हतं. आम्ही घेतलं त्यातलं झालं होतं. ज्यासाठी ती किकरी होती तेच आम्ही कापून टाकलं आणि उरलं त्याला शांती म्हटलं.

आपल्याकडे तीर्थंकरांच्या दिव्यध्वनीचं वर्णन आहे. ओठ न हलता, अक्षरांवाचून तो ध्वनी निघतो आणि समवसरणात बसलेला प्रत्येक जीव, माणूस असो की पशू, आपापल्या भाषेत तो समजतो. मंडळात मी त्या संगीताचं कौतुक करताना हीच उपमा दिली होती, लाज वाटते सांगायला. तो ध्वनी अक्षरांवाचून आहे तो सगळ्यांना समजावा म्हणून. आमचा सूर अक्षरांवाचून होता तो आम्हाला समजून घ्यायचं नव्हतं म्हणून. दोन्हीकडे शब्द नाहीत, एवढ्यावरून दोन्ही सारखे होत नाहीत.

भाच्यानं विचारलं, "बाबा, नावं परत घातली तर वाजवू का?" माझी अपेक्षा होती की ते हो म्हणतील, नाहीतर पैसे सांगतील. मी तयारीनं गेले होते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माह्या एकट्याचं नाही हे. यजमानाले विचारा लागन. नावं त्याइच्या घरचे हायेत." आणि यजमान कोण, तर एक घर नाही. भावकी आहे, चार गावांत पसरलेली. मी समजत होते की मालक सापडला, आता मागून घेतलं की झालं. इथं देणाऱ्यालाच आधी मागायचं होतं.

निघताना चहा झाला. मी पैसे काढले तर त्यांनी हातानंच थांबवलं. "आज वाजवलं नाही ना, बाई." शंभराच्या नोटेचा हिशेब त्यांच्याकडे असा स्वच्छ होता. माझाच गोंधळलेला होता.

भाच्यानं तो तुकडा सगळीकडून काढून टाकला. तो आता म्हणतो की, दंडारीला येऊन राहीन, नुसता ऐकीन, माईक आणणार नाही. 1940 च्या दशकात हायमेनडॉर्फ नावाचे अभ्यासक मर्लवाईला येऊन राहिले. पत्नी एलिझाबेथ बरोबर होत्या. ते भाषा शिकले, मग लिहिलं. 1987 मध्ये एलिझाबेथ वारल्या, त्यांची समाधी मर्लवाईलाच आहे. सगळ्यांना एवढं जमायचं नाही. पण आधी राहणं, मग ऐकणं, मग विचारणं आणि घेणं सगळ्यात शेवटी, हा क्रम तरी शिकता येईल.

मंडळात आता सामायिकाला काही लावत नाही. पुन्हा बांगड्या वाजतात. मागच्या रविवारी बाहेर रिक्षा थांबली होती, भाजीवाली ओरडत होती, मंदिराच्या पत्र्यावर चिमण्यांची भांडणं चालली होती. माझं मन काही लागलं नाही. यजमानांचा निरोप अजून आलेला नाही. येईल तेव्हा कळवते, असं मी बायकांना सांगून ठेवलं आहे.